झेड ड्राइव्हमधली झुंबर

पडद्यावरच्या झेड ड्राइव्हच्या चित्रावर तांबडी फुली होती, तुरीच्या डाळीएवढी... गिरिजाने तिच्यावर माउस नेऊन दोनदा टिचकी मारली, पण फुली हलली नाही. ड्राइव्ह सापडत नाही, असं इंग्रजीत उमटलं. काल संध्याकाळपर्यंत होता आणि आज सापडत नाही म्हणजे काय? तालुक्यातलं जमिनीचं रेकॉर्ड आठ कॉम्प्युटरांवर टाइप करून त्या एका सामायिक ड्राइव्हमध्ये ठेवलेलं, तीन वाजता ठेकेदाराचा माणूस सीडी न्यायला येणार, आणि जुन्या जालन्यातल्या या माडीवर सकाळपासून सगळ्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी.

"ताई, तुम्हीच बघा," महेमूदभाई म्हणाले. इथलं सगळं काम त्यांच्या देखरेखीखाली. "इंजिनेरला फोन लावून राह्यलो, तो काही उचलून न्हाई राह्यला."

तिलाच बघायला लागणार हे ठरलेलंच होतं. तक्रार करायची आणि मनातून खूश व्हायचं, अशी तिची जुनी खोड. घरात किल्ली हरवली की सासूबाई देवाला साकडं घालत. गिरिजा मात्र ती शेवटची कुणाच्या हातात होती, हे विचारायची. इथंही तसंच. माझ्या एकटीचाच गेला की सगळ्यांचा? सगळ्यांचा. सर्व्हर चालू आहे? आहे. मग वाट अडलीय मधेच... सगळ्या कॉम्प्युटरांच्या वायरी जिथं एकत्र येत, त्या भिंतीवरच्या हबचे हिरवे दिवे विझलेले होते. तिथून वायर धरत धरत ती जिन्यापर्यंत गेली. हबची पिन जमिनीवर पडलेली, आणि तिच्या जागी पाण्याची मोटर घरघरत होती.

"नळ आल्ता ना बाई, आठ दिसांनी!" झाडलोट करणाऱ्या सगुणाबाई उलट तिच्यावरच खेकसल्या. "मंग मोटर कुठं लावू, माझ्या डोक्याला?"

सगळे हसले, तीही हसली. टाकी भरेस्तोवर थांबून पिन परत लावली. दिवे लागले, तरी फुली तशीच. मग तिने ड्राइव्हची जुनी जोडणी काढून टाकली, नेटवर्कमध्ये सर्व्हर नावाने शोधला, पासवर्ड देऊन त्याला पुन्हा झेड अक्षर दिलं. फुली गेली. आता एक फाइल उघडून, जतन करून बघायची... बिघडलीच तर दुसऱ्याची मेहनत कशाला, म्हणून तिने स्वतः टाइप केलेल्यांतली एक उघडली. कुठलीही. हाताला लागली ती.

फेरफार क्रमांक ४१७. मयत रखमाजी यांचे वारस मुलगा पुंजाराम व मुलगी झुंबर. पैकी मुलगी झुंबर हिने आपला हिस्सा भावाच्या नावे राजीखुशीने सोडला. जबाब व सही घेतली. ऑपरेटर ०६.

सहा नंबरची ऑपरेटर मीच. आणि झुंबरही मीच.

तिला वाटलं, खुर्ची मागे सरकली. खुर्ची जागेवरच होती. कानात मात्र मोटर पुन्हा सुरू झाल्यासारखं... लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्याने अंगठीने गिरिजा लिहिलं, त्याला चौदा वर्षं झाली. पण माणूस आपलं नाव असं विसरतं का? आपल्याच बोटांनी ते टाइप करावं, बापाचं करावं, भावाचं करावं, आणि पुढचं पान ओढावं? मे महिन्यात दिवसाला सव्वाशे पानं होती. गावाच्या नावाऐवजी आकडा असायचा. बोटं इथं, मन घरी, दूध नासलं असेल का याच्यात... आणि राजीखुशीने! हा शब्द तर ती न बघता टाइप करायची. पानागणिक कुणाची तरी बहीण राजीखुशीने सोडत होती. मला एकदाही वाटलं नाही, की विचारावं, या सगळ्या इतक्या राजी कशा?

सही केव्हा केली ते आठवायला वेळ लागला नाही. राजूरच्या पलीकडे माहेर, आबांचं वर्षश्राद्ध. ती पुरणाच्या हाताने चुलीपाशी बसलेली आणि पुंजाराम कागद घेऊन आत आला. "विहिरीवरचं लाइटीचं मीटर आबाच्या नावावरून काढायचंय. तलाठी बाहीर थांबलाय, जल्दी कर." तिने हात पदराला पुसले. "आन् माहेरच्या नावानं कर बरं का." माहेरच्या नावानं! तिला इतका आनंद झाला, इतका... शाळेतल्या वहीवर लिहायची तसं वळणदार लिहिलं तिने, झ-च्या पोटाला छान गाठ दिली. वाचलं नाही. वाचायचं काय त्यात, भाऊच तो. वरून त्याला म्हणाली, बघ रे, अजून येतंय मला.

मागितलं असतं तर दिलं असतं. हेच सलत होतं. बहिणी देतातच, हिस्सा मागितला तर माहेर तुटतं हे तिलाही ठाऊक होतं. तिने हसत हसत दिलं असतं, चार माणसांच्या देखत. पुंजाराम, तू विचारलंसुद्धा नाहीस रे... मी नाही म्हणेन असं वाटलं तुला?

"आला का ड्राइव्ह?" महेमूदभाईंनी टेबलावरूनच विचारलं.

"न्हाई आला अजून," ती म्हणाली. समोर फाइल उघडी होती. इतकं सरळ खोटं आपण बोललो, याचंच तिला नवल वाटलं.

ती ओळ पुसता आली असती. चार टिचक्यांचं काम. पण मूळ वही कचेरीत, तिच्या वळणदार सहीसकट. इथं पुसून काय होणार होतं? तरी बोट पुसायच्या बटणावरून उचलवेना.

परवा पंचमी. उद्या सकाळच्या भोकरदन गाडीने पुंजाराम तिला न्यायला येईल, दरवर्षीसारखा. पिशवी भरून तयार होती. चपला बाहेर काढून तो दारातूनच हाक मारील, झुंबर... आई आधीच गेलेली, मग आबाही; आता त्या नावाने हाक मारणारा तोच एक उरलेला. आणि ओ द्यायची की नाही, हे चौदा वर्षांत पहिल्यांदाच तिला ठरवता येत नव्हतं.