मास्तर मध्येच थांबत नाहीत

दातांच्या डॉक्टरांचं जगात एकाच गोष्टीशी वैर होतं, आणि ती कीड नव्हती. कीड बिचारी त्यांचं घर चालवत होती. वैर होतं हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संचांवर, आपोआप बोलणाऱ्या यंत्रांशी.

डॉक्टर स्वतः मोर्समध्ये बोलत. टिंब, रेघ, सगळं हाताने कळ दाबून. बोलण्याआधी 'ही फ्रिक्वेन्सी, ही जागा कुणी वापरतंय का?' असं विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची, हा त्या जगातला शिष्टाचार. घरात कुणी पाळत नसलं तरी हवेत पाळतात. रोज संध्याकाळी दवाखान्याला कुलूप लावून डॉक्टर वरच्या खोलीत जाऊन बसत आणि दुसऱ्या शहरातले मास्तर त्यांना हाक मारत. मास्तर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. इतक्या वर्षांत दोघं एकदाच समोरासमोर भेटले होते, तेही संमेलनात, जेवणाच्या रांगेत. विषय ठरलेले: सिग्नल कसा येतोय, हवा कशी आहे, गुडघा काय म्हणतोय. मागल्या वर्षी बायको गेली, त्यानंतर दुसऱ्यांची तोंडं सोडली तर डॉक्टरांच्या दिवसात एवढंच उरलं होतं. ती गेल्याचं त्यांनी आपणहून कळवलं तेही फक्त मास्तरांना. घरी आलेली मंडळी नियतीपासून कोलेस्टेरॉलपर्यंत सगळं बोलून गेली. मास्तर मोजकं बोलले. डॉक्टरांना त्याचाच आधार वाटला होता.

या संध्याकाळच्या बोलण्यावर इंजिनिअरबाईंचं यंत्र येऊन कोसळायचं. पूल बांधणाऱ्या या बाई डॉक्टरांच्याच क्लबच्या सभासद. त्यांच्या घरचा कॉम्प्युटर रेडिओवरून बोटींचे ईमेल घ्यायचा आणि पुढे पाठवायचा. बाई तेव्हा कुठल्यातरी पुलावर. पत्र्यावर खडी ओतावी तसा आवाज, आणि तोही नेमका मास्तरांचा गुडघा ऐन रंगात आलेला असताना. डॉक्टरांनी क्लबकडे रीतसर तक्रार केली: माणूस हजर नसलेलं प्रत्येक केंद्र मोर्सच्या या लहरपट्ट्यातून हद्दपार करा.

क्लबची खोली टायरच्या दुकानावर होती. बैठकीत बाई म्हणाल्या की जागा रिकामी आहे का हे यंत्र तपासतं, कधीतरी चुकतं. आणि भर समुद्रातल्या माणसांना घरची खबर नको का? डॉक्टर म्हणाले, माणसांनी माणसांसारखं बोलावं, रांगेत उभं राहावं. मग त्यांनी पुरावा म्हणून चार दिवसांची चार रेकॉर्डिंग ऐकवली. प्रत्येकात आधी मोर्स, मग खडी. खडी पडली की डॉक्टर थांबत, मास्तर मात्र पाठवतच राहत.

"बघा," डॉक्टर अभिमानाने म्हणाले, "मास्तर मध्येच थांबत नाहीत. जुनं हाड आहे."

बाईंनी ते परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. डॉक्टरांना वाटलं, आता माफी येणार.

"तुम्ही का थांबलात?" बाईंनी विचारलं.

"काही ऐकूच येईना. थांबणार नाही तर काय करणार?"

"मग ते का नाही थांबले?"

स्वभाव एकेकाचा, असं काहीतरी डॉक्टर बोलले. बाईंनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर दोघांच्या रेघा आखल्या गेल्या होत्या. डॉक्टरांच्या रेघा एक लांब, एक आखूड, एक जराशी कललेली, खऱ्या दातांसारख्या. मास्तरांच्या सगळ्या एकसारख्या, साच्यातून काढलेल्या. कवळी ओळखायला डॉक्टरांना कधी कुणाची मदत लागली नव्हती.

कीबोर्डवरून पाठवत असतील, ते म्हणाले. असतीलही, बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता उगाचच मऊ झाला होता. पण कान उघडे असलेला माणूस एवढ्या गोंगाटात थांबतो, निदान शिवी तरी हासडतो. शिवाय चारही दिवस गुडघ्याचं वाक्य शब्दाला शब्द तेच होतं.

सेक्रेटरींनी पेन उघडलं. हा गृहस्थ वाईट नव्हता, फक्त सेक्रेटरी होता. "मग तक्रारीत मास्तरांचंही नाव घालू का? 'प्रत्येक केंद्र' असं तुम्हीच म्हटलंय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे कुणी बोललं नाही. पण खोलीत सगळ्यांना ते ऐकू आलं.

घरी येऊन डॉक्टरांनी पायातले बूटही न काढता मास्तरांना फोन लावला. फोन म्हणजे रेडिओवाल्यांत लबाडी, म्हणून आजवर लावला नव्हता. मास्तरांना कोण आनंद झाला. आणि एका प्रश्नातच त्यांनी सगळं कबूल केलं, गणित चुकलं की शिक्षक करतात तसं, चटकन. दोनेक वर्षांपूर्वी हात कापायला लागला. अक्षरं चुकायला लागली, लाज वाटली. मग त्यांनी प्रोग्रॅम लिहिला: अमुक शब्द आला की तमुक उत्तर, काहीच कळलं नाही तर हवामान. चार दिवसांपुरताच होता.

"पण तुम्हाला पत्ताच लागला नाही, डॉक्टर. म्हटलं, चाललंय तर चालू दे. सुरुवातीला मी रोज वाचायचो हो, काय बोलणं झालं ते. पुढे पुढे..." मास्तर जरा अडखळले. "तेच तेच असायचं ना आपलं."

 दोन वर्षांतून एक वर्ष वजा करायला गणिताचा शिक्षक लागत नाही. डॉक्टर भिंतीला पाठ टेकून हळूहळू खाली बसले.

"रागावलात?" मास्तर म्हणाले. "रागवा, हक्क आहे तुमचा. बरं, वहिनी कशा आहेत?"

"ती गेली, मास्तर. मागल्या वर्षी."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"अहो, मला कळवायचं नाही का?"

"कळवलं होतं. त्याच संध्याकाळी."

 मास्तरांनी विचारलं, "मी काय म्हणालो?"

डॉक्टरांना ते पाठ होतं. वर्षभर त्यांनी ते मनात जपलं होतं, थोर माणसाचे मोजके शब्द म्हणून.

"सगळं छान पोचलं म्हणालात. इकडे आकाश निरभ्र आहे म्हणालात."

 फोनमध्ये मास्तरांच्या मागून टिंब-रेघांचा आवाज यायला लागला, स्वच्छ, एकसारखा, कुठेही न अडखळणारा. संध्याकाळची वेळ झाली होती. यंत्र डॉक्टरांना हाक मारत होतं.