सूर घरी आणताना

आईने झाडूच्या दांड्याने तिच्या पोटरीला ढोसलं. तेवढंच अंग बाहेर होतं. बाकीची ती स्टँडवर चढवलेल्या गाडीखाली, तोंडावर गंज झेलत, पाइपाच्या जोडावरचा नट सोडवत होती.

"अगं ए, बाहेर ये. एक तर हा भोंगा राहील, नाही तर मी."

"भोंगा नाही गं, सायलेन्सर आहे."

"सायलेन्सर असता तर गप्प बसला असता."

बोलणं खरं होतं. गाडी जुनी, पण टर्बोची. टर्बोला मोकळा श्वास मिळावा म्हणून तिने कित्येक रविवार खपून मागचा मोठा डबा काढला होता आणि जाडा पाइप स्वतःच्या हाताने वेल्ड करून बसवला होता. गाडी आता बाणासारखी सुटायची. पण सरळ रस्त्याला एका ठरावीक वेगावर आत असा घुमारा भरायचा, की दातांची कवळी हलावी. आईची हललीच होती.

उपाय तिला ठाऊक होता. मोठ्या पाइपाला बाजूने एक बंद तोंडाचा पाइप जोडायचा. घुमारा त्यात शिरतो, टोकाला आपटून परत येतो आणि स्वतःलाच गिळतो. फक्त त्या पाइपाची लांबी घुमाऱ्याच्या सुराला बरोबर बसायला हवी. ती कपड्यांच्या कारखान्यात बेतणीचं काम करायची. मापाशिवाय कात्री चालवणाऱ्यांना ती रोज शिव्या घालायची. इथे मापच मिळेना. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा गाडी घेतली तेव्हापासून मेलेला. फोनवर सूर मोजावा, तर चालत्या गाडीत वारा आणि टायरच त्याच्या कानात बोंबलायचे. अंदाजाने कापलेले दोन तुकडे अंगणात पडले होते, दोन्ही बिनकामाचे.

"उद्या मामा येतोय मला न्यायला," आई म्हणाली. "निदान तिथे शांतता तरी आहे."

तिने पाना खाली ठेवला. मामाकडची शांतता तिला माहीत होती. बाबा गेले तेव्हा माणसं रडायला आली आणि कायदे करून गेली. त्यात मामा सगळ्यांच्या पुढे. 'आता गाणं शोभतं का तुला?' असं त्यानेच चारचौघांत विचारलं होतं. त्याचं स्वतःचं आयुष्य घोरण्यात गेलेलं, पण शोभा मात्र बहिणीची बघायची. गल्लीतल्या पोरांच्या दोन पिढ्यांना गाणं शिकवलेली बाई त्या दिवसापासून मुकी झाली. भांडायची, टोमणे मारायची, पण भांडी घासताना साधं गुणगुणणंही नाही. मामाच्या घरी गेल्यावर टोमणेही बंद होणार होते.

"आई, गाडीत घुमतो तो सूर कुठला गं?"

"मला काय विचारतेस?"

"मग कुणाला विचारू? मामाला?"

दारात बटाटे सोलत बसलेला नवरा खुदकन हसला. आईने त्याच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"सूर कसला, रेडा डुरकतोय." जरा थांबून ती पुटपुटली, "आणि तोही उतरलेला."

लेक गाडीखालून सरकत बाहेर आली आणि तिने हात फडक्याला पुसले. "ऐक. तू मागे बस. घुमायला लागला की तो सूर पकड आणि घरापर्यंत सोडू नकोस. इथे अंगणात फोन मोजेल."

"मी गात नाही."

"गा कोण म्हणतंय? उचलून आणायचाय फक्त. हमालीचं काम आहे."

"आई, तुम्हाला जमत नसेल तर मी आणतो," नवरा म्हणाला, आणि त्याने नमुना म्हणून एक सूर लावून दाखवला.

आई शहारली. "जावईबापू, तुम्ही बटाटे सोला. गाडी काढ गं."

नवराही बटाटे टाकून पुढच्या सीटवर येऊन बसला. गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर घुमारा भरला तशी आईने मान एका बाजूला कलती केली. "इतक्या खाली माझा गळा जातो होय? वरच्या सप्तकात धरते," असं म्हणून तिने डोळे मिटले. आधी नुसती खरखर आली, बंद घराची खिडकी उघडावी तशी. मग सूर लागला.

वेग कमी झाला, घुमारा विरला, आईचा सूर राहिला. सिग्नलला शेजारच्या ट्रकने हॉर्न मारला. सूर हलला नाही. नवऱ्याला शिंक येत होती, ती त्याने नाक दाबून मारली. फाटकाशी शेजारीण विचारायला लागली, "काय हो, बरंय ना?" आईने तिला पंजा दाखवून गप्प केलं, श्वास घेतला आणि पुन्हा नेमका तिथेच पाय ठेवला.

फोनने आकडा दाखवला. वरच्या सप्तकातला म्हणून तिने तो निम्मा केला, गरम धुराच्या वेगाचा हिशेब मांडला, खडूने खूण केली आणि पाइप कापला. वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या तेव्हा आई दाराआडून म्हणाली, "चुकलं तर माझ्यावर ढकलू नकोस. सूर चोख होता."

उन्हं उतरताना तिघंही पुन्हा त्याच रस्त्याला लागली. वेग वाढला. ती जागा आली आणि सूर घुमलाच.

तिचा चेहरा पडला. सगळी मेहनत पाण्यात. उद्या मामा येणार, पिशवी उचलणार. तिने ब्रेकवर पाय नेला, तेवढ्यात तिचं लक्ष गेलं. नवरा वळून मागे बघत होता.

स्टिअरिंग हातात स्थिर होतं. कवळी हलवणारी ती थरथर कुठेच नव्हती. गाडी गप्प होती.

मागच्या सीटवर आई खिडकीबाहेर बघत होती. धरलेल्या सुरावरून ती एक पायरी वर चढली, आणखी एक, आणि घाई न करता खाली उतरली. मग त्यात शब्द आले.

तिने आरशात पाहायचं टाळलं. घराचा फाटा आला, तसा नवऱ्याने दाखवायला हात उचलला. तिने तो पकडून त्याच्याच गुडघ्यावर ठेवला.

"फाटा मागे गेला की गं," आई ओळीच्या मधेच म्हणाली आणि पुढची ओळ उचलली.