चाळीसातला एक गोळा

एकतिसावा घाणाही वाया गेला, तेव्हा उजैरचं डोकंच फिरलं. आठ महिने झाले हो! आठ महिने तो अमरावतीच्या प्रयोगशाळेत कोबाल्टचा क्षार आणि साखर पाण्यात विरघळवत होता, त्या गुलाबी पाण्याचं मशीनवर धुकं करत होता, आणि ते धुकं भट्टीतल्या तापलेल्या नळीतून सोडत होता. पलीकडे पडायची चिमूटभर काळी पूड. नळीतून जाता जाता थेंबातली साखर जळते आणि त्याचा डोळ्यांना न दिसणारा गोळा होतो. वर टरफल, मधे पोकळी आणि आत सुटा बलक, अंड्यासारखा. म्हणजे तसा व्हायला पाहिजे. नागपूरच्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली दर घाण्यातल्या चाळीस गोळ्यांचे चाळीस फोटो निघत, आणि दर वेळी तेच. नुसत्या रिकाम्या टरफलांचा ढीग!

कृती त्याची नव्हतीच, ती रागिणीताईंची. तीन वर्षांपूर्वी याच भट्टीवर त्यांनी बलकवाले गोळे काढले, त्यावर पीएच.डी. मिळवली, आणि आता त्या अकोल्याच्या एका कॉलेजात शिकवत होत्या. त्यांच्या शोधनिबंधातला सुबक गोळा दोघांचेही मार्गदर्शक असलेल्या सरांनी मोठा करून प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावला होता. "तिला जमलं, तुलाच कसं जमत नाही?" हे सरांचं रोजचंच. काल तर त्यांनी साफच सांगितलं, सोमवारपर्यंत बलक दाखव, नाही तर दुसरा मार्गदर्शक शोध.

शनिवारी उजैरनं वही पिशवीत कोंबली आणि अकोल्याची एसटी धरली. मूर्तिजापूरपर्यंत उभाच. स्टाफरूममध्ये रागिणीताई एकट्याच पेपर तपासत बसल्या होत्या.

"ताई, कुठं चुकून राहिलो मी, तेवढं सांगा. भट्टी पुन्हा पहिल्यापासून लावतो मी."

ताईंनी त्याला पाणी दिलं आणि वही उघडली. तापमान, हवेचा वेग, साखरेचं वजन, सगळं दोनदा पाहिलं. "बापा, माह्यापेक्षा चोख काम हाय तुह्यं."

"मंग बलक काहून येत नाई?"

"चाळीसात एकही नाई?"

"एखादा असते दर घाण्यात. पण त्याले काय करता? एका गोळ्यानं घाणा जमला म्हनाव काय?"

ताईंनी वही मिटली. मग त्यांनी कपाटातला जुना लॅपटॉप काढला, एक फोल्डर उघडलं आणि लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. उजैर एकेक फोटो पाहत गेला. रिकामं टरफल, पुन्हा रिकामं, पुन्हा रिकामं. चाळीस फोटोंत बलक एकातच होता, आणि तो भिंतीवरचाच गोळा होता.

"सबमिशनले आठ दिवस राहिले होते रे," ताई खालच्या आवाजात म्हणाल्या. "सरायनं म्हटलं, त्यातला चांगला फोटो दे. मी दिला. बाकीचे त्यायनं मांगितलेच नाई. मले वाटलं, मागून येईन तो पोरगा बसवीन सारं."

उजैरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो मागून आलेला पोरगा म्हणजे तोच की! ईदलासुद्धा तो भट्टीपाशीच होता. आठ महिने स्वतःच्या हातांना शिव्या घातल्या, अम्मी काळजीनं विचारायची तर तिच्यावर खेकसला. आणि या बाईला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं!

तो तोंड उघडणार, तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. सरांचाच होता.

"हो सर, आलाय तो. वही पाहिली मी." ताईंनी एकदा उजैरकडे पाहिलं आणि खुर्ची खिडकीकडे वळवली. "नाही सर, कृतीत काही खोट नाही. त्याचा हात अजून बसला नाही, एवढंच."

उजैर उठला. पुढे वाकून त्यानं त्यांच्या हातातला फोन सरळ काढूनच घेतला. सरांशी तो नेहमी पुस्तकी मराठी बोलायचा, आज ती काही तोंडात येईना.

"सर, उजैर बोलून राहिलो. हात बसला माहा. चाळीसात एक गोळा मलेही जमते. ताईलेही तेवढाच जमला होता. तिचे बाकीचे एकोणचाळीस फोटो समोर उघडे हायेत, पाठवू?"