हेडमास्तरांनी पुजलेली सूचनापेटी

मी सूचनापेटी. जन्मभर दुसऱ्यांच्या सूचना पोटात घातल्या, आज माझी एक आहे. तेव्हा गुमान ऐका.

माझं कूळ विलायती बरं का! बंगळूरच्या एका कारखान्यात परदेशातून यंत्र आलं, त्याच्या खोक्याच्या फळ्यांतून १९६१ साली माझा जन्म झाला. शाळा मराठी मंडळींची. इन्स्पेक्टर येणार, म्हणून हेडमास्तर कृष्णाजीपंतांनी मला घाईघाईनं करवून घेतलं. अंगावर रंगवलं, ‘विद्यार्थ्यांनो, मनमोकळेपणाने लिहा’, आणि वर हे भलंमोठं कुलूप ठोकलं. टांगलं तेही इन्स्पेक्टरांच्या नजरेच्या उंचीवर. चौथीतल्या पोरांना चिठ्ठी टाकायची तर एकाला घोडा व्हावं लागे.

इन्स्पेक्टर आले, ‘वा!’ म्हणाले, कॉफी पिऊन गेले. किल्ली पंतांच्या जानव्याला राहिली आणि पंतांना माझा विसर पडला. चिठ्ठ्या मात्र पडत राहिल्या.

माझ्यासमोरच व्हरांड्यात गंगव्वा उभी असायची. चौथीतली, निपाणीकडची. पंतांचा नियम असा, की शाळेत शुद्ध मराठी. कानडी शब्द निघाला की वर्गाबाहेर. गंगव्वाच्या घरी तर दोन्ही भाषा एकाच ताटात. ‘सर, स्वल्प थांबा’ म्हणाली, म्हणजे ‘जरा थांबा’, गेली बाहेर. ‘सरी’ म्हणाली, म्हणजे ‘बरं’, गेली बाहेर. पंत स्वतः दिवसभर ‘बेंच’, ‘रजिस्टर’, ‘टाइमटेबल’ म्हणत, ते मात्र सोवळ्यात!

हळूहळू पोरीनं बोलणंच सोडलं. मग पंतांनी प्रगतिपुस्तकात शेरा मारला, ‘मठ्ठ’. मला असा संताप आला म्हणता! पण मी पडले लाकूड.

दुसऱ्या वर्षी आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, दिवशी तिचा बाप देवाप्पा तिला घेऊन शाळेत आला. कारखान्यात फिटर होता. हातात शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज.

‘सर, पोरीला व्हरांड्यातच उभं ऱ्हायचं असलं तर आमच्या घराला बी व्हरांडा हाय. धाकटीला तरी संबाळंल.’

‘पूजा होऊ दे, मग सही करतो,’ पंत म्हणाले.

टेबलावर शाळेची घंटा, शिवणयंत्र, टाइपरायटर मांडले होते. पालकांवर छाप पडावी म्हणून पंतांनी मलाही खाली काढून रांगेत बसवलं. शिपाई मल्लाप्पानं हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. आरती झाली. चुरमुरे वाटणार, तेवढ्यात देवाप्पा म्हणाला, ‘थांबा की. पूजा झाली की यंत्र एकदा चालवायला पायजे. आमच्यात त्याबिगर परसादाला कुणी हात लावत न्हाई.’

मल्लाप्पाला पटलं. त्यानं घंटा वाजवली, शिवणयंत्र खडखडवलं, टाइपरायटरची दोन बटणं दाबली. मग माझ्यापाशी येऊन डोकं खाजवत देवाप्पाला विचारू लागला.

‘अण्णा, ही कशी चालवायची?’

‘उघडायची अन् वाचायची. दुसरं काय काम हाय तिला?’

पंतांची पाचावर धारण बसली. पण समोर देव आणि भोवती पालक, करतात काय! जानव्याची किल्ली काढली. कुलूप गंजलेलं, ते समईतलं तेल घालून उघडलं. चिठ्ठ्या भसाभसा बाहेर आल्या.

पंत वाचू लागले. ‘प्यायच्या पाण्यात अळ्या आहेत.’ ‘भीमसेन चिमटे काढतो.’ ‘हेडमास्तर दुपारी घोरतात, त्यामुळे शेजारच्या वर्गात कविता ऐकू येत नाही.’ पालक खो खो हसले. मग आली, ‘गंगव्वाला आत घ्या.’ पुढची उघडली, तीच. त्याच्या पुढचीही तीच. अक्षरं निरनिराळी, मागणी एक.

‘पुरे आता,’ पंत म्हणाले.

‘यंत्र अर्ध्यात बंद करत न्हाईत, सर.’

शेवटची चिठ्ठी, गेल्या वर्षीची, पंतांनी आधी मनात वाचली. मग घसा खाकरून मोठ्यानं वाचली, ‘सर, मला पाढे येतात. तुम्ही विचारतच नाही. स्वल्प विचारा. गंगव्वा, इयत्ता चौथी, व्हरांडा.’

मला तर रडूच आलं.

‘ये इकडे,’ पंतांचा आवाज उतरला होता. ‘सतरा साते?’

गंगव्वानं बापाकडे पाहिलं. ‘एकशे एकोणीस.’ आणि सुटलीच की पोरगी! सतराचा संपवला, अठराचा संपवला, एकोणीसचा धरला. ‘सरी सरी, कळलं!’ पंतांच्याच तोंडून निघालं, तरी ती थांबेना. देवाप्पानं अर्जाची घडी घालून खिशात टाकली. ‘दसरा झाला की पाठवतो,’ म्हणाला, आणि चुरमुऱ्यांना हात पुढे केला.

त्याला सहा वर्षं झाली. गंगव्वा हायस्कुलात गेली. मी इथंच आहे. दर आयुधपूजेला मला माळ घालतात, उघडतात, वाचतात, आणि परत कुलूप! म्हणजे पोरांचं म्हणणं वर्षातून एकदा, तेही प्रसादाआधी. म्हणून माझी सूचना लिहून घ्या. हळदकुंकू बास झालं, रोज उघडा मला. आणि एखादं पोर तुमच्यासमोरच उभं असेल, तर चिठ्ठीची वाट कसली बघता? विचारा की त्याला!