मी मोजलेले चार मैल

मी पावलं मोजणारं यंत्र बोलतोय. हसू नका! दिसायला मी खिशातल्या घड्याळासारखा, पण मला वेळ विचाराल तर फजिती होईल. माझ्या पोटात एक छोटं वजन लोंबतं. तुम्ही पाऊल टाकलंत की ते खालीवर होतं, काटा किंचित सरकतो आणि संध्याकाळी मी तुमचे मैल सांगतो. खोटं मला येत नाही, याचा मला भारी तोरा होता.

माझा जन्म स्वित्झर्लंडच्या एका कारखान्यात झाला. विलायतेत शिकायला गेलेले डॉक्टर पांडुरंगराव मला घेऊन कुंभकोणमला परतले आणि पहिलीच अडचण उभी राहिली. इथे सगळे वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं धोतर, नेसणारे. मला अडकवायला कुणाच्या कमरेला पट्टाच नाही! शेवटी डॉक्टरांनी मला त्यांच्या एका रोग्याच्या, शामसुंदरच्या, करदोट्याला अडकवलं.

शामसुंदर सव्वीस वर्षांचा, पापनाशम्‌कडच्या कालव्यावर नोकरीला. बांधावरून रोज चार मैल हिंडायचं, कुठे फुटलंय, कुठे गळतंय ते पाहायचं. पण दोन वर्षांपासून त्याच्या मणक्यांचे सांधे सुजायला लागले होते. सकाळी उठला की नुसती लाकडी फळी. कुणी मागून हाक मारली तर मान वळत नसे, अख्खा शामसुंदर वळे. बिचारा रजा घेऊन घरी बसला होता.

"पडून राहिलास तर आखडशील," डॉक्टर म्हणाले. "दुखलें तरी चाल. कालव्याला पाणी यायच्या आंत दिवसाला चार मैल झाले, तर कामावर जायच्या कागदावर सही करतों. नाहींतर ही नोकरी विसर."

पहिल्या आठवड्यात काटा दीडावर, फार तर दोनावर. रोज सकाळी भिंत धरून उठणारा मुलगा पाहून त्याच्या आईचा, मीनाक्षीबाईंचा, जीव तीळतीळ तुटे.

दुपारी शामसुंदर मला खुंटीला लावून लवंडायचा. एके दुपारी बाईंनी मला हळूच उचललं, लुगड्याला खोचलं आणि थेट कुंभेश्वराचं देऊळ गाठलं. प्रदक्षिणा सुरू!

"देवा, ही अस्की, सगळीं पावलें माझ्या शामूचीं," त्या पुटपुटत होत्या.

आजारी माणसाच्या नावानं घरचं कुणी प्रदक्षिणा घालतं आणि देव त्या त्याच्याच मानतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला कुठे ठाऊक? पाऊल पडलं, मी मोजलं. बाईंची चाल तरी केवढी झपाझप, माझ्या पोटात कळ आली!

संध्याकाळी शामसुंदरनं मला पाहिलं आणि त्याचा डोळ्यांवर विश्वास बसेना.

"आई, पाहा! घरांतल्या घरांत केवढा चाललों मी!"

बाई हसल्या आणि चुलीकडे वळल्या. मग हे रोजचंच झालं. शामसुंदर खुशीत गाणं गुणगुणू लागला. त्याला वाटत होतं, आपण बरे होतोय.

मे अखेरीला डॉक्टरांनी त्यानं रोजचे मैल टिपलेला कागद वाचला. "चार मैल! शाबास. उद्यांपासून बांधावर हजर हो." त्यांनी सहीसाठी पेन उघडलं.

शेजारी उभ्या असलेल्या बाई पुढे सरसावल्या. ते रणरणतं ऊन, तो बिनसावलीचा बांध, आणि हा दोन मैलांचा मुलगा!

"थांबा, डॉक्टर! त्यांतले दोन मैल माझे."

आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. वर विचारलं, "देवाला चालतें, डॉक्टराला कां चालेना?"

डॉक्टर चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. "मीनाक्षीबाई, तुमचे गुडघे बेस झाले असतील. त्याची पाठ त्यानेंच चालवायला पाहिजे."

शामसुंदर मात्र हसला नाही. मलाही फार लाज वाटली. पावलं मी अचूक मोजली होती, पण ती कुणाची हे मला कळलंच नव्हतं.

घरी जाताना तो देवळाच्या कोपऱ्यावर थांबला. मग म्हणाला, "आई, उद्यां दुपारीं मीही येतों प्रदक्षिणेला."

दुसऱ्या दिवसापासून दोघं जाऊ लागली. मी त्याच्या कमरेला. बाई एवढ्या वेगात की एक फेरी जास्त घालून मागून येऊन त्याला गाठत आणि "अजून एथेंच?" म्हणून चिडवत. तो चिडून चार पावलं जोरात टाकी. अडीच झाले, तीन झाले.

पाणी यायच्या आदल्या संध्याकाळी काटा चाराला थोडासा कमी होता. शामसुंदर ओट्यावर टेकला. पाठ ठणकत होती.

"एवढेंसेंच राहिलें रे," बाई म्हणाल्या. त्यांचा हात माझ्याकडे आला. बोटं मला लागली. मग त्यांनी हात मागे घेतला आणि पायरीवर बसकण मारली.

"जा तूं. मी एथून हालत नाहीं."

तो उठला. गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. काटा चारावर होता आणि बाई पायरीवरच होत्या.

शामसुंदर आता बांधावर हिंडतो. सकाळी अजून थोडा फळीच असतो, पण दुपारपर्यंत सैल होतो. मी डॉक्टरांच्या टेबलावर पुढच्या रोग्याची वाट पाहतोय. कधी तुमच्या कमरेला लागलो तर एवढं करा, स्वतः चाला. आणि घरच्यांना म्हणावं, तुम्ही बसा. त्या संध्याकाळी पायरीवर बसून राहायला त्या माउलीला किती मैलांचे कष्ट पडले, ते मात्र मला मोजता आलं नाही.