गळकी ठरलेली नळी

मित्रांनो, कोलकात्याच्या एका प्रयोगशाळेतली मी जुनी पोलादी नळी आहे. माझा जन्म हावड्याच्या लेथवर झाला. दोन्ही टोकांना क्वार्ट्झच्या जाड खिडक्या आहेत. पोटात वायू दाबून भरायचा आणि खिडकीतून लेसरचा प्रकाश सोडायचा, एवढेच माझे काम. रेणूंवरून विखुरताना त्यातल्या अगदी थोड्या प्रकाशाचा रंग बदलतो. हे बदललेले रंग पडद्यावर उंचवट्यांसारखे उमटतात. तोच रामन वर्णपट.

"हावड्याची पोर, पण नखरे नाहीत," असे माझे कौतुक होई. मग एक चकचकीत परदेशी नळी आली आणि मी कपाटावर गेले.

ती दुरुस्तीला गेली तेव्हा संशोधन करणाऱ्या सुदेष्णाने मला खाली काढले. नायट्रोजन भरला. पडद्यावर बारीक उंचवट्यांची रांग उमटली. दाब वाढवला तसे ते रुंदावले. रेणूंच्या टकरा वाढल्या की रेषा, म्हणजे हा उंचवटा, रुंदावते, हे तिला पाठ होते. पण आणखी दाब वाढवताच सगळ्यांचा मिळून एकच उंचवटा झाला आणि तो चक्क आवळू लागला.

तिचे मार्गदर्शक प्रणबेशदा मागे उभे होते. त्यांचे आयुष्य स्फटिकांत गेलेले. वायू त्यांना नवखा.

"गळतेय ही. दाब उतरतोय, म्हणून रेषा आवळतेय. उद्या भंगारात दे म्हातारीला."

"दाबमापकाचा काटा तर खाली आला नाही, प्रणबेशदा."

"काटाही तिच्याच वयाचा आहे."

"म्हणजे तुमच्याहून लहानच. साबण लावून बघते."

तिने माझ्या प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावले. मी श्वास रोखून धरला. एकही बुडबुडा आला नाही.

"मग रेषा आवळली कशी?" असे म्हणत प्रणबेशदांनी झालमुडीचा, म्हणजे मोहरीचे तेल घातलेल्या बंगाली भेळेचा, कागदी ठोंगा पुढे केला.

सुदेष्णाने तोंड वाकडे केले. "एका घासात नुसती मिरची, दुसऱ्यात नुसते चुरमुरे."

"घाईत होता तो झालमुडीवाला. डबा नीट हलवलाच नाही."

ती थबकली. "हलवला असता, तर प्रत्येक घास एकाच चवीचा लागला असता ना?"

"मग?"

"रेणू वेगवेगळ्या वेगाने गरगरतात, म्हणून प्रत्येकाचा रंग जरासा निराळा. पण टकरा इतक्या वाढल्या, की गरगरण्याचा वेग क्षणोक्षणी बदलतो. मग उरतो सगळ्यांचा एकच सरासरी रंग, म्हणून रेषा आवळते. गळती असती तर रेषा पुन्हा सुट्या झाल्या असत्या."

प्रणबेशदांचा घास हातातच राहिला. "दाब वाढव. अजून आवळली तर तू खरी."

तिने झडप फिरवली. माझ्या पोटात रेणूंची अशी झुंबड उडाली, की मला गुदगुल्या झाल्या. पडद्यावरची रेषा आणखी बारीक झाली.

"हिला भंगारात कोण देणार होतं?" प्रणबेशदांनी विचारले.

"होते एक म्हातारे."

दोघे हसत सुटले. आता मी टेबलाच्या मधोमध असते.

मित्रांनो, जुन्या वस्तूने अनपेक्षित उत्तर दिले, तर आधी साबणाचे पाणी आणा. भंगारवाल्याला हाक नंतर मारा. आणि माझी खिडकी पुसायची असेल, तर आधी हात धुवा. प्रणबेशदांनी आनंदाच्या भरात तिच्यावर लावलेले मोहरीचे तेल अजून पुरते निघालेले नाही.