चाळीस पोती खाली

“भरलेला माल उतरवायला मी काय येडा आहे?” ट्रकच्या खिडकीतून पैलवान गरजला.

“ते गाव ठरवेल. काटा म्हणतोय, चाळीस पोती जास्त झालीत,” वजनकाट्याच्या खोलीतून त्याची बायको म्हणाली.

पैलवान म्हणजे गावातला ट्रकवाला. जन्मात कुस्ती खेळला नव्हता, पण मिशा तशा होत्या. बायको वजनकाट्यावर बसायची, म्हणून ती काटेवाली. टेकडीपलीकडच्या गावाला बटाट्याचं बियाणं पोचवायचं होतं. आभाळ भरून आलेलं, तिकडं लोक सऱ्या पाडून वाट बघत बसलेले. ‘एका खेपेत आणतो’ असं पैलवान चारचौघांत बोलून बसला होता. म्हणून ट्रकचा हौदा भरला, मागं ट्रेलर जोडला, नि त्यावरही नव्वद पोती रचली.

काटेवालीनं ट्रेलर सोडवून एकटाच काट्यावर घेतला. साडेपाच टन! ट्रकच्या पाटीवर तर मागं ओढायची मर्यादा साडेतीनच लिहिलेली.

“अगं, माझा ट्रक डोंगर ओढील!”

“ओढील हो. पण उतारावर तोच डोंगर मागून ढकलायला लागला, की थांबवणार कोण? मिशा?”

हमाल खिदळले. पैलवानाचे कान लाल झाले. पण वजनाच्या चिठ्ठीशिवाय काट्याचं फाटक उघडत नव्हतं, नि चिठ्ठी बाईच्या हातात. मुकाट्यानं चाळीस पोती खाली आली.

तरी तिचं संपेना. “सगळा भार मागच्या टोकाला रचलाय. ट्रेलर शेपटीसारखा डुलेल नि ट्रकलाच फरफटत नेईल. पोती चाकांच्या जरा पुढं सरकवा.” मग ट्रेलर पुन्हा जोडल्यावर तिनं जोडाची साखळी हिसडून बघितली, मागचे दिवे लावून बघितले.

“लग्नात बायको मागितली होती, साहेब नाही,” पैलवान पुटपुटला नि निघाला.

टेकडी उतरताना वळणावर अख्खा रस्ता मेंढरांनी भरलेला. त्यानं ब्रेक दाबला. मागून ट्रेलरनं एक धक्का दिला, ट्रक कण्हला, नि थांबला. पुढची मेंढी दोन हात अंतरावर उभी राहून रवंथ करत होती.

“पैलवान, आज अगदी जावयासारखे सावकाश आलात!” मेंढपाळ हसला.

पैलवानाला हसू येईना. मागं आणखी दोन टन असते तर?

पलीकडच्या गावात लोकांनी घेरलंच. “एक खेप म्हणाला होतात ना?”

“दोन म्हणालो होतो. तुम्ही अर्धंच ऐकलंत.”

परत येऊन त्यानं उरलेली पोती भरली, नि कुणी न सांगता ट्रेलर काट्यावर नेला. काटेवालीनं चिठ्ठी फाडली, तोंडाकडं बघितलं.

“काय झालं?”

“वाटेत मेंढरं होती.”

तिनं खोलीला कुलूप लावलं. तिची कामाची वेळ संपली होती. पैलवानानं शेजारचं दार उघडलं. “चल, बस. जाऊन येऊ.”

“माझं वजन धरलंय का?”

“तेच तर सकाळी धरायचं राहिलं,” तो म्हणाला, नि ती बसल्यावर दार नीट लागलंय का, ते दोनदा ओढून बघितलं.